नामांकितांवरचे फौजदारी खटले दूरचित्रवाणीवर रोज दाखवावेत काय?

पेठकर (धागाकर्ते)

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांपुढील सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून घरबसल्या पाहता येऊ लागल्या, आणि तेव्हापासून एक मागणी अधूनमधून कानावर येते. एखाद्या नटावर, खेळाडूवर किंवा पुढाऱ्यावर गंभीर गुन्ह्याचा खटला उभा राहिला, तर तोही साक्षीपुराव्यासकट रोजच्या रोज वाहिन्यांवर दाखवावा, अशी ती मागणी आहे. ती करणारे सगळेच चटकदार बातम्यांना सोकावलेले असतात असे मी म्हणणार नाही. न्यायालय खुले असावे हे आपल्या कायद्यातच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये ते होते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्येही आहे. जागा पुरेल तितक्या लोकांना आत बसून कामकाज ऐकता येते. मग पुण्यातल्या शिवाजीनगरच्या न्यायालयात बाकावर बसलेली पंचवीस माणसे जे ऐकतात ते पंचवीस लाखांनी का ऐकू नये, हा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो.

माझा आक्षेप खुलेपणाला नसून निवडीला आहे. वाहिनी खटला निवडत नाही, ती चेहरा निवडते. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्या खटल्यात १२३ आरोपी होते आणि विशेष न्यायालयाने त्यांपैकी १०० जणांना दोषी ठरवले. यातली किती नावे आज आपल्याला आठवतात? बहुतेकांना एकच आठवेल, संजय दत्त यांचे. आणि त्यांना तर टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील आरोपांतून मुक्त करून केवळ शस्त्रास्त्र कायद्याखाली शिक्षा झाली होती. ते येरवड्यात असताना रजेवर बाहेर आले की तुरुंगाच्या फाटकाशी वाहिन्यांच्या गाड्या उभ्या राहत, आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांची सुटका झाली ती सकाळ साऱ्या देशाने पाहिली. तो खटला रोज दाखवला गेला असता तर कॅमेरा कोणाच्या तोंडावर रोखलेला राहिला असता, हे सांगायला ज्योतिषी नको. उरलेले १२२ आरोपी आणि २५७ मृत पार्श्वभूमीला गेले असते.

याच्या उलट उदाहरण आपल्याच गावातले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाली. २०२१ मध्ये आरोपनिश्चिती झाली, सरकार पक्षाचे २० साक्षीदार तपासले गेले आणि १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप देऊन तिघांना निर्दोष सोडले. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला इतका लागून असलेला दुसरा खटला अलीकडच्या काळात दाखवणे कठीण आहे. तरीही मधल्या अडीच वर्षांत तो वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवरच चालला, आणि निकालाच्या दिवशी मात्र वाहिन्यांना न्यायालयाचा रस्ता सापडला. लोकांना न्यायप्रक्रिया कळावी हा प्रक्षेपणाचा खरा हेतू असता, तर सुरुवात अशा खटल्यापासून व्हायला हवी होती.

अमेरिकेत हा प्रयोग पुरेपूर होऊन गेला आहे. माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन यांच्यावरील दुहेरी खुनाचा खटला १९९५ मध्ये आठ महिन्यांहून अधिक काळ तिथल्या घराघरांत चालू होता. ज्यूरींना, म्हणजे निर्णय देण्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांना, २६५ दिवस घरापासून दूर, वर्तमानपत्रे आणि बातम्यांपासून तोडून ठेवावे लागले, आणि इतके होऊन त्यांनी चार तासांच्या आत निर्णय दिला. एका प्रत्यक्षदर्शी महिलेने आपली हकीकत आधीच एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाला पैसे घेऊन सांगितली होती, म्हणून सरकारी वकिलांनी तिला साक्षीसाठी उभेच केले नाही. मला त्याहून बोलकी वाटते ती नंतरची गोष्ट. त्याच प्रकरणातला नुकसानभरपाईचा दिवाणी दावा पुढे चालला तेव्हा त्या न्यायाधीशांनी कॅमेऱ्याला दारच बंद केले. आईवडिलांच्या खुनाचा आरोप असलेल्या मेनेंडेझ बंधूंचा पहिला खटला वाहिनीवर दाखवला गेला होता, त्यात ज्यूरींचे एकमत झाले नाही. दुसऱ्यांदा खटला चालवताना त्याच न्यायाधीशांनी कॅमेरा नाकारला. ज्यांनी कॅमेरा आत घेऊन पाहिला त्यांनीच तो बाहेर काढला, याचा विचार आपण आधीच करून ठेवावा असे मला वाटते.

जाणकारांनी, विशेषतः न्यायालयात रोज वावरणाऱ्यांनी, आपले मत मांडावे.

मुक्तद्वार

पेठकरकाका, मी विधी महाविद्यालयात शिकते आणि आपल्याशी बऱ्याच अंशी असहमत आहे.

आपण दिलेली अमेरिकेची उदाहरणे ज्यूरीच्या पद्धतीतली आहेत. बाजारातून, कचेरीतून उचलून आणलेल्या बारा सामान्य माणसांवर दूरचित्रवाणीचा परिणाम होईल ही भीती तिथे रास्त आहे. आपल्याकडे ज्यूरी नाही. निर्णय प्रशिक्षित न्यायाधीश देतात आणि तो कारणांसह लिहून देतात. ती कारणे चुकली तर वर अपील आहे. ज्या प्रकरणामुळे आपल्याकडील ज्यूरीची पद्धत बदनाम झाली ते नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाचे प्रकरण माझ्याच बाजूने बोलते. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या काळात लोकांपर्यंत खटला पोहोचला तो एका साप्ताहिकाने उघड बाजू घेऊन केलेल्या लिखाणातून. न्यायालयात प्रत्यक्ष काय पुरावा आला हे लोकांनी स्वतः पाहिले असते, तर त्या साप्ताहिकाच्या शब्दावर त्यांना अवलंबून राहावे लागले नसते. कॅमेरा नसल्याने गोंगाट थांबत नाही, फक्त तो तपासून पाहण्याचे साधन लोकांच्या हाती राहत नाही.

दक्षिण आफ्रिकेतही ज्यूरी नाही. तिथे २०१४ मध्ये धावपटू ऑस्कर पिस्टोरियस यांच्यावरील खुनाच्या खटल्याचे थेट प्रक्षेपण झाले, पण न्यायालयाने त्याला मर्यादा घातल्या होत्या. आरोपीची स्वतःची साक्ष ऐकू येत होती, दिसत मात्र नव्हती. खटला कोसळला नाही. न्यायाधीशांनी सदोष मनुष्यवधाचा निर्णय दिला, पुढे वरच्या न्यायालयाने तो बदलून खुनाचा केला, आणि सगळा देश दोन्ही निर्णयांवर माहितीनिशी वाद घालू शकला.

निवडीचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यावरचा उपाय प्रक्षेपण बंद ठेवणे हा नसून निवड वाहिन्यांच्या हातून काढून न्यायालयाच्या हाती देणे हा आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली, तेव्हा याचिकाकर्त्यांत माझ्यासारखा एक विधीचा विद्यार्थीही होता, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो.

उलटतपास

मी शिवाजीनगरला फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा बचाव पक्षाकडून. दोघांचेही म्हणणे वाचले. सत्र न्यायालयात साक्ष कशी नोंदवली जाते हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रक्षेपणाची चर्चा करणारे बहुतेक लोक मनात सर्वोच्च न्यायालयातला युक्तिवाद धरून बोलत असतात.

साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो. सरकारी वकील विचारतात, त्या वेळी तुम्ही कुठे होता? साक्षीदार म्हणतो, ‘मी ग्यालरीत उभा होतो, खाली आवाज झाला म्हणून वाकून बघितलं.’ न्यायाधीश हे ऐकून लघुलेखकाला सांगतात, ‘मी त्या वेळी सज्जात उभा होतो. मोठा आवाज ऐकून मी खाली पाहिले.’ मी उठतो आणि हरकत घेतो, की साक्षीदार ‘मोठा’ म्हणाला नाही. सरकारी वकील म्हणतात, वाकून पाहिले त्या अर्थी मोठाच असणार. मी म्हणतो, तो अर्थ युक्तिवादात काढा, जबानीत नको. न्यायाधीश साक्षीदाराला पुन्हा विचारतात, तो गोंधळून माझ्याकडे, मग सरकारी वकिलांकडे पाहतो. शेवटी ‘मोठा’ हा शब्द काढला जातो. मग मुद्देमालाचे पाकीट येते, त्यावरचे मोहोर, लेबल आणि सह्या ओळखायच्या असतात. लेबलावरचा गुन्हा नोंदणी क्रमांक अस्पष्ट असतो. तेवढ्यात दुसऱ्या प्रकरणातला वकील मुदत मागायला पुढे येतो, कारण बोर्डावर त्या दिवशी आणखी कितीतरी प्रकरणे असतात. अशा रीतीने तासाभरात दीड पान जबानी होते, आणि त्या दीड पानातल्या एका विशेषणावर एखाद्या माणसाची जन्मठेप अवलंबून असू शकते.

हे वाहिनीवर दाखवायचे म्हटले तर दोनच गोष्टी संभवतात. एक म्हणजे कोणी पाहणार नाही. दुसरी, आणि हीच होणार, म्हणजे साक्षीदाराच्या गोंधळलेल्या चेहऱ्याचे वीस सेकंद कापून रात्री नऊच्या चर्चेत फिरवले जातील आणि सहा चौकटींत बसलेली सहा माणसे तो खोटे बोलतो आहे की नाही याचा निकाल देतील. उलटतपासणीत साक्षीदार गडबडला म्हणजे तो खोटा असे नसते. आणि घडाघडा बोलला म्हणजे खराही नसतो, हे मी पोटापाण्याच्या अनुभवाने सांगतो.

मुक्तद्वार, आपला ज्यूरीचा मुद्दा बरोबर आहे, पण आपण न्यायाधीशांपाशी थांबलात, साक्षीदाराचा विचार केला नाही. एका साक्षीदाराची तपासणी चालू असताना पुढचे साक्षीदार दालनाबाहेर बसवले जातात, ते यासाठीच, की पहिल्याला काय विचारले आणि तो कुठे अडकला हे त्यांना कळू नये. रोजचे प्रक्षेपण सुरू झाले की चौथा साक्षीदार दुसऱ्याची उलटतपासणी घरी बसून पाहणार आणि आपली जबानी तिच्याशी जुळवून घेणार. बचाव पक्षाच्या हातातले सर्वांत मोठे हत्यार तिथेच बोथट होते. पंचांचे तर विचारूच नका. पंच म्हणजे घटनास्थळाजवळचा टपरीवाला, रिक्षावाला, एखादा दुकानातला मुलगा. पंचनाम्यावर सही केल्याचा त्याला आधीच पश्चात्ताप झालेला असतो. एखाद्या बड्या असामीविरुद्ध साक्ष देताना त्याचा चेहरा राज्यभर दिसणार असेल, तर तो फितूर झाला म्हणून त्याला दोष कोणी द्यावा?

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २०२१ मध्ये थेट प्रक्षेपणाच्या नियमांचा जो नमुना मसुदा प्रसिद्ध केला, त्यात लैंगिक गुन्हे, वैवाहिक प्रकरणे, बालकांची प्रकरणे यांबरोबरच पुराव्याची नोंद आणि उलटतपासणीही प्रक्षेपणातून वगळली होती. म्हणजे निवड न्यायालयाच्या हाती द्या, असे आपण म्हणता. न्यायालयाने ती केलेली आहे.

सदाशिवातले आजोबा

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला जुन्या पुण्यातली एक जोड देतो. जोशी-अभ्यंकर खुनांचा खटला १९७८ मध्ये इथे चालला. आरोपी नामांकित नव्हते, कला महाविद्यालयात शिकणारी मुले होती, पण साऱ्या शहराचे लक्ष त्या खटल्याकडे लागले होते आणि दूरचित्रवाणी संच मोजक्याच घरांत होते. त्या खटल्यात एक आरोपी माफीचा साक्षीदार झाला आणि त्याची साक्ष फार मोलाची ठरली. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. अंधार पडला की दारे लावून बसणाऱ्या त्या वेळच्या पुण्यात, रोज सायंकाळी ज्याचे तोंड घरोघर दिसणार आहे असा माफीचा साक्षीदार बोलायला उभा राहिला असता की नाही, याची मला शंका आहे. आम्ही सगळे वर्तमानपत्रातच वाचत होतो, आणि काही कळायचे राहिले असे तेव्हा वाटले नाही.

मुक्तद्वार

आजोबा, आपल्या पिढीला काही कळायचे राहिले नाही असे वाटले, कारण वार्ताहर न्यायालयात दिवसभर बसत असत. आज तसे किती वार्ताहर बसतात?

माजी वार्ताहर

या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल, कारण मी काही वर्षे एका वृत्तवाहिनीसाठी पुण्यातून काम केले आहे. वाहिनीचे नाव सांगत नाही. दुसऱ्या कुठल्या वाहिनीत याहून वेगळे चित्र होते असेही नाही.

बसत नाहीत. वार्ताहराला सकाळी साडेनऊपासून फाटकाबाहेर माइक घेऊन उभे राहायचे असते, कारण दर अर्ध्या तासाला स्टुडिओतून त्याला ‘काय अपडेट आहेत’ असे विचारले जाते. तो आत गेला तर कॅमेऱ्यापुढे कोण राहणार? त्यामुळे आत काय चालले आहे हे ज्याला सर्वांत कमी ठाऊक असते तोच प्रेक्षकांना ते सांगत असतो. आरोपी पोलिसांच्या गाडीतून उतरतो, तोंडावर रुमाल धरतो, पायऱ्या चढतो. हे सारे बारा-पंधरा सेकंदांचे दृश्य. ते आम्ही दिवसभर फिरवत असू, कधी संथ गतीने, कधी भोवती लाल वर्तुळ काढून. दुपारी कोणीतरी वकील चहाला बाहेर येतो, दोन वाक्ये बोलतो आणि त्यातून संध्याकाळचा कार्यक्रम उभा राहतो. ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ आरोपीने पोलिसांपुढे गुन्हा कबूल केल्याची बातमी मी स्वतः दिलेली आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही हे आम्हा सर्वांना माहीत असे; प्रेक्षकाला ते सांगितले तर बातमीतली हवाच जाईल, म्हणून कोणी सांगत नसे.

म्हणून मुक्तद्वार यांच्या म्हणण्यात मला तथ्य दिसते. आतला कॅमेरा बाहेरच्या कॅमेऱ्यापेक्षा प्रामाणिक असतो. अडचण अशी आहे, की आतला आला म्हणून बाहेरचा जाणार नाही. तो आतल्याचेच तुकडे घेऊन बसेल. कर्नाटक उच्च न्यायालयात सप्टेंबर २०२४ मध्ये एका न्यायमूर्तींच्या शेऱ्यांच्या चित्रफितींवरून जे वादळ उठले आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून जी दखल घेतली ती आठवून पाहावी. त्या प्रकरणात चित्रफिती बाहेर आल्या हे चांगलेच झाले असे माझे मत आहे, कारण ते शेरे न्यायासनावर बसलेल्या व्यक्तीचे होते आणि त्यांचा जाब विचारला जाणे आवश्यक होते. परंतु त्याच यंत्राने उद्या पिंजऱ्यातल्या टपरीवाल्याचे तुकडे केले, तर त्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालय स्वतःहून दखल घेणार आहे काय?

आणि २०२० विसरू नये. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर कोणताही खटला उभा राहिलेला नसताना एका अभिनेत्रीवर वाहिन्यांनी रोज रात्री खटला चालवला. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालपत्रात काय काय करू नये याची यादीच दिली: साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या जबान्यांची चिरफाड करू नये, घटनास्थळाचे नाट्यरूपांतर करू नये, कथित कबुलीजबाब छापू नयेत, कोणाच्या चारित्र्यावर बोलू नये. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. ज्या वाहिन्यांनी तीन महिने दिले होते त्यांनी या बातमीला किती मिनिटे दिली असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. त्या निकालपत्रातली यादी न्यायालयाच्या आतल्या चित्रणाला लागू केली, तर वाहिनीला विकण्यासारखे काही उरतच नाही, आणि म्हणून ती पाळली जाईल यावर माझा विश्वास नाही.

पेठकर

वकीलसाहेब आणि माजी वार्ताहर, दोघांनीही आतले चित्र दाखवले याबद्दल आभारी आहे. आता माझी सूचना मांडतो.

चित्र नको, शब्द द्या. १९०८ मध्ये लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला, तो १३ जुलैला सुरू होऊन २२ जुलैला संपला. लोकमान्यांनी एकवीस तासांहून अधिक वेळ स्वतःचा बचाव केला, सात विरुद्ध दोन मतांनी ज्यूरींनी त्यांना दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. केवढा हा नामांकित आरोपी! त्या खटल्याचे समग्र कामकाज न. चिं. केळकरांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, आणि आज शंभरहून अधिक वर्षांनी न्यायमूर्तींनी ज्यूरींना कसे वळवले हे आपण ओळीवर बोट ठेवून दाखवू शकतो. त्यातला एकही हावभाव आपल्याला दिसत नाही आणि त्याने काही अडत नाही.

हा केवळ जुन्या काळाचा उमाळा नाही. २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर ३४ आरोपांचा खटला चालला. जगात याहून प्रसिद्ध आरोपी मिळणे कठीण, परंतु त्या राज्याच्या कायद्यानुसार खटल्याचे प्रक्षेपण झाले नाही. न्यायालयाने कामकाजाची शब्दशः नोंद मात्र आपल्या संकेतस्थळावर ठेवली. ज्याला खरोखर जाणून घ्यायचे होते त्याने ती वाचली; ज्याला तोंडे पाहायची होती त्याची निराशा झाली, आणि ती होणे योग्यच होते.

आपल्याकडे आज ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पुढची तारीख, कामकाजाचा टप्पा, आदेश आणि निकाल पाहता येतात. जबान्या पाहता येत नाहीत. सत्र न्यायालयातल्या प्रत्येक खटल्याच्या जबान्या, नट असो वा नाका कामगार, पुरावा पूर्ण झाल्यावर तिथेच ठेवल्या, तर निवडीचा प्रश्नच राहत नाही, आणि पुढचा साक्षीदार आधीच्याची जबानी वाचून येईल ही वकीलसाहेबांची भीतीही मिटते.

लघुलिपी

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. पेठकरांची सूचना कागदावर उत्तम आहे. कामाच्या बाजूने त्यात काय येते ते सांगते.

जबानीच्या पहिल्याच ओळीत साक्षीदाराचे संपूर्ण नाव, वय, धंदा आणि राहण्याचा पत्ता असतो. पुढे मजकुरात फोन क्रमांक, गाडीचा क्रमांक, शेजारणीचे नाव, दवाखान्याचे कागद, मुलांच्या शाळेचे नाव, असे काय काय येत राहते. हे सारे झाकल्याशिवाय जबानी संकेतस्थळावर ठेवणे म्हणजे टपरीवाल्याचा चेहरा लपवून त्याच्या घराचा पत्ता जाहीर करणे. झाकण्याचे काम यंत्रावर सोडता येणार नाही, कारण मराठी जबानीत ‘सोनार’ हे आडनावही असते आणि धंदाही. म्हणजे प्रत्येक पान माणसाने वाचायला हवे. त्यासाठी माणसे लागतील, आणि लघुलेखकांच्या रिकाम्या जागा किती काळ भरल्या जात नाहीत हे इथल्या वकिलांना ठाऊक आहे. एकाच लघुलेखकाने दिवसभर जबान्या घ्यायच्या, संध्याकाळी आदेश टंकायचे आणि रात्री नावे खोडत बसायचे, हे होणार नाही.

तरी मी सूचनेच्या विरोधात नाही. कॅमेरा, प्रकाशयोजना, प्रक्षेपणाची यंत्रणा यांवर होणारा खर्च याकडे वळवला तर काम होण्यासारखे आहे. आणखी एक सांगायचे तर, कॅमेरा आला की वकील साक्षीदाराकडे पाहून नव्हे तर कॅमेऱ्याकडे पाहून प्रश्न विचारू लागतील. नुसते वार्ताहर आत येऊन बसले तरी काहींचा आवाज चढलेला मी पाहिलेला आहे. वकीलसाहेबांनी रागावू नये.

उलटतपास

रागावत नाही, ताई. आवाज चढवणाऱ्यांत मीही असेन. अशिलाचे नातेवाईक मागे बसलेले असले तरी तो चढतो.

मुक्तद्वार

साक्षीदारांचा मुद्दा मला पटला आणि पुराव्याच्या टप्प्यावरचे रोजचे प्रक्षेपण नसावे इथपर्यंत मी येते. पण जबान्या संकेतस्थळावर ठेवल्या की लोक त्या वाचतील, हे मला पटत नाही. तीनशे पानांची मराठी जबानी वाचणारे माझ्या वर्गातही सापडणार नाहीत. मग कॅमेऱ्यासाठी काहीच उरत नाही काय?

ब्रिटनमध्ये १९२५ च्या कायद्याने न्यायालयात छायाचित्र काढण्यावरही बंदी आहे, इतका तो देश या बाबतीत कर्मठ. तरीही २०२२ पासून तिथल्या क्राउन कोर्टात शिक्षा सुनावतानाचे न्यायाधीशांचे भाषण दाखवता येते, आणि त्या वेळी कॅमेरा फक्त न्यायाधीशांवर असतो; आरोपी, साक्षीदार, पीडितांचे कुटुंब, कोणीही दिसत नाही. आपल्याकडे निदान निकालाचा दिवस असा दाखवावा. सलमान खान यांच्या वाहन अपघाताच्या प्रकरणात ६ मे २०१५ रोजी सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली, त्याच दिवशी उच्च न्यायालयातून अंतरिम जामीन मिळाला आणि १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. दोन न्यायालयांनी एकाच पुराव्याचे मूल्यमापन इतके वेगळे का केले, हे लोकांना न्यायाधीशांच्या तोंडून ऐकायला मिळाले असते, तर पैशाने न्याय फिरतो असे चौकाचौकांत जे बोलले गेले, त्याला निदान काही उत्तर मिळाले असते. २००२ च्या त्या रात्री पदपथावर झोपलेला एक माणूस ठार झाला होता, चार जखमी झाले होते. त्यांच्या घरच्यांनाही ती कारणे ऐकण्याचा हक्क होता.

उलटतपास

एवढ्यापुरते मीही आपल्याबरोबर आहे, दोन अटींवर.

पहिली अट, ते प्रत्येक सत्र खटल्याला लागू व्हावे. आरोपीचे नाव पाहून कॅमेरा लावायचा नाही, म्हणजे पेठकरांचा मूळ आक्षेप राहत नाही. दुसरी अट शिक्षेच्या सुनावणीविषयी आहे. आपल्याकडे दोषी ठरवल्यानंतर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकले जाते. त्या वेळी माणूस हात जोडून सांगतो, की घरात म्हातारी आई आहे, मुलगी लग्नाची आहे, मीच एकटा कमावता आहे. पुष्कळदा आई मागच्या बाकावर बसलेली असते आणि हे ऐकत असते. हे म्हणणे न्यायाधीशांनी ऐकायचे असते, प्रेक्षकांनी नव्हे. म्हणून ते संपल्यावर, न्यायाधीश निकालाची कारणे वाचायला लागतील तेव्हाच कॅमेरा सुरू व्हावा, आणि ती कारणे मराठीत वाचली जावीत. इंग्रजी निकालपत्रातली शेवटची दोन वाक्ये वाचून न्यायाधीश उठून गेले, आरोपीने शिपायाला विचारले की काय झाले, आणि शिपायाने बोटांनी वर्षे दाखवली, असे मी पाहिलेले आहे. तो आरोपी नामांकित नव्हता.